उभ्या गाडीतला आडोसा

पेडणे-डिचोलीकडे पावसाळ्यात सकाळी गाडी बाहेर काढताना बॉनेटखालून मांजर निघाले, तर कोणाला फारसे नवल वाटत नाही. कधी ते पुढच्या चाकावरच्या कमानीत असते, कधी बॅटरीला टेकून, कधी रिक्षाच्या मागच्या सीटखाली. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: इंजिनाची ऊब. थंड देशांत हे उत्तर पुरते. जपानमध्ये निसान कंपनीने गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारा, अशी मोहीम चालवली ती हिवाळ्यासाठीच. पण गोव्यात तसली थंडी नाही. जुलैतल्या रात्रीही पारा चोविसाच्या आसपास असतो, आणि आपण पंखा लावून झोपतो.

आपल्याला सुखाची वाटणारी ही हवा मांजराला मात्र थंड असते. अंगातली ऊब टिकवायला जास्तीची शक्ती खर्चावी लागू नये, यासाठी त्याला साधारण ३० ते ३८ अंशांची हवा लागते. पाळीव मांजर पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांतल्या रानमांजराचे वंशज, हे २००७ साली जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. त्या कोरड्या मुलखातले शरीर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भूमीत आले. केस एकदा मुळापर्यंत भिजले की चोवीस अंशांतही ते कुडकुडते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना तर पहिले काही आठवडे स्वतःची ऊबही नीट राखता येत नाही.

तरीही ऊब हे पूर्ण कारण नव्हे. इंजिन काही तासांत निवते आणि मांजर सकाळपर्यंत तिथेच असते. महिनोन् महिने चावी न लागलेल्या गाडीतही ते जाते. परदेशी किंवा बोटीवर कामाला गेलेल्यांच्या अंगणात कापडाखाली झाकलेल्या गाड्या गोव्यात गावोगाव आहेत आणि त्यांत मांजरी व्यालेल्या सापडतात. तिथे ऊब नाही. तिथे आहे तो काळोख, कोरडेपणा, जमिनीपासून थोडी उंची आणि कुत्र्याचे तोंड शिरणार नाही एवढीच फट. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आणलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले होते. ती मांजरे इतरांपेक्षा लवकर निवांत झाली. मांजर शिकार करते तसे शिकारही होते, आणि झोपताना त्याला पाठीशी भिंत हवी असते. पावसाळ्यात उंदीरही इंजिनात शिरून वायरी कुरतडतात. म्हणजे निवाऱ्यालगत अन्नही आले.

मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. गाड्या येण्यापूर्वी ही मांजरे जात कुठे? आपल्या जुन्या घरांकडे पाहिले की उत्तर मिळते. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले, कौलांखाली माळा. मागे न्हाणी, आणि पाणी तापवायच्या भाणाखालची चूल विझली तरी दुपारपर्यंत कोमट राहणारी राख. गोठा, गवताची उडवी, पावसासाठी रचून ठेवलेली लाकडांची रास, भाताची कणगी. यातले काहीही मांजरासाठी बांधलेले नव्हते. पण त्या घरबांधणीत माणसाला न लागणाऱ्या कितीतरी जागा आपोआप उरत आणि त्या जागांवर कोणी हक्क सांगत नसे. कणगीभोवतीच्या उंदरांमुळे मांजराच्या तिथे असण्याला अर्थही होता.

आता स्लॅब आला, सरकत्या काचा आल्या, चुलीच्या जागी गॅस आणि न्हाणीत गिझर आला. गुरे गेली तसा गोठा गेला. कष्टाचे जिणे हलके झाले, याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पेडण्यातल्या बाईने धुरात डोळे चोळत राहावे असे मी म्हणणार नाही. एवढेच नोंदवतो, की नव्या घराला उरलेली जागा नसते. कोरडी, काळोखी, अरुंद पोकळी अजून शिल्लक आहे ती अंगणातल्या गाडीत. मांजराच्या दृष्टीने माळा, गोठा आणि न्हाणीची चूल ही तिन्ही आता बॉनेटखाली आली आहेत.

पेडण्याच्या किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. हरमल, मांद्रे, मोरजी इथे पर्यटनाच्या हंगामात शॅकच्या टेबलांखाली मांजरे पोसली जातात. पाहुणे त्यांना मासळी घालतात, नावे देतात. पाऊस तोंडावर आला की शॅक मोडून ठेवले जातात आणि पाहुणे परततात. अन्न आणि छप्पर एकाच आठवड्यात जाते, तेही नेमके वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांपूर्वी. त्याच सुमारास भाड्याच्या गाड्या गिऱ्हाईक नाही म्हणून आवारात उभ्या राहतात. मांजरे त्यांत शिरतात. मोरजी-मांद्र्याच्या याच वाळूत कासवाच्या अंड्यांना जाळी आणि पहारा मिळतो. तो मिळायलाच हवा. पण आपणच हंगामापुरत्या लळा लावलेल्या प्राण्याचे कोणीच काही लागत नाही, हे मला सलते.

डिचोलीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. हप्ते थकलेले ट्रक दारात गंजत राहिले आणि त्या घरांवर काय कोसळले ते या तालुक्याला सांगायला नको. मांजराला मात्र वर्षानुवर्षे जागचा न हललेला ट्रक आणि रात्रीपुरती थांबलेली गाडी यांतला फरक कळण्याची काही सोय नाही. आपल्या लेखी गाडी ही दोन प्रवासांमधली विश्रांती असते, त्याच्या लेखी ती जमिनीचाच भाग असते, दगडातल्या कपारीसारखा. एकदा निर्धोक ठरलेल्या जागी ते परत येते आणि एका सकाळी तिथेच पंखा व पट्टा फिरू लागतो. याला मांजराचा मूर्खपणा म्हणणे मला पटत नाही. त्याच्या अनुभवाने त्याला जे शिकवले, तेच ते करते.

या मांजरांची संख्या किती, हे सरकारदप्तरी मिळत नाही. २०१९ च्या पशुगणनेत भटकी गुरे आणि भटकी कुत्री मोजली, मांजरे नाहीत. मनावर घेतले तर काय होते, हे गोव्याने कुत्र्यांच्या बाबतीत दाखवले आहे. गावोगाव फिरून सातत्याने लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये हे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. तशी चिकाटी मांजरांच्या निर्बीजीकरणाला मिळाली, तर ऐन पावसात बॉनेटखाली जन्मणारी पिल्ले कमी होतील.

घरापुरते करण्याजोगे थोडे आहे. पडवीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच, तोंड अरुंद ठेवलेली लाकडी पेटी आणि आत कोरडे गोणपाट एवढे पुरते. पेटी कुत्र्यांच्या वाटेवर नको. मांजर ती लगेच स्वीकारेलच असे नाही, जागा ते स्वतः पारखते. गाडीत पिल्ले सापडली तर जमल्यास ती गाडी काही दिवस काढू नये. आई बहुधा स्वतःच त्यांना दुसरीकडे हलवते. आणि रोज सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, चाकांच्या कमानीत डोकवावे आणि जरा थांबावे. घाबरलेले मांजर आधी गप्प बसते, मग बाहेर पडते. ते बाहेर पडेपर्यंतचा वेळ त्याला द्यावा.