लिस्पचा एक तास

कॉलेज रोडवर मी प्रोग्रॅमिंगचा क्लास घेतो. मुलं विचारतात, "सर, लिस्प एवढी देखणी, मग नोकऱ्या जावास्क्रिप्टलाच का?" लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५८ची. जावास्क्रिप्ट १९९५ साली दहा दिवसांत उभी राहिली, पण ब्राउझरच्या पाठुंगळी बसून घरोघरी गेली.

हाच प्रश्न डोक्यात घेऊन रविवारी नाशिकची पांडवलेणी चढलो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. एकेकाळची ही चलनी भाषा, पण मला एक अक्षर लागेना. लेखाची ब्राह्मी लिपीच लोक विसरले होते. १८३७च्या सुमारास इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली.

मग गुणाचं फळ कुठे मिळतं? ज्ञानेश्वरी थोर खरी, पण तिला वारकऱ्यांनी खांद्यावर घेतलं. गुण आपल्या हाती, खांदे दुसऱ्यांचे.

सोमवारी लिस्पचा जादा तास ठेवला. पाच जण थांबले.