तुम्हाला कुणी विचारत नाही, कारण तुम्ही सांगत नाही

"मॅडम, डॉक्टर आम्हाला विचारतच नाहीत." ही तक्रार माझ्यासमोर पुन्हा करायची नाही. कशाला विचारतील? राउंड सुरू झाल्यावर तुम्ही येता, शेपटाला उभे राहता, ट्रीटमेंट चार्टचा मोबाईलवर फोटो काढता आणि कॅन्टीनमध्ये बसून लॉगबुक भरता. पेशंटच्या कागदांचे फोटो काढायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? नावाआधी 'डॉ.' लावायची घाई मात्र सगळ्यांना आहे.

फार्म.डी.ची पाच वर्षं संपवून तुम्ही सहाव्या वर्षात आलात. 2008 च्या नियमावलीत या वर्षाला इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी म्हटलं आहे. सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन निरनिराळ्या विभागांत दोन-दोन महिने. मेडिसिनला निम्मं वर्ष उगाच दिलेलं नाही. तिथे एकाच माणसाला साखर, रक्तदाब आणि किडनीचं दुखणं असतं आणि चार्टवर दहा-बारा औषधं असतात. त्या औषधांचा आपसात मेळ बसतो का, हे पाहायला तुम्ही तिथे आहात.

परवाचंच घ्या. वॉर्फरिन चालू असलेल्या बाईंना मेट्रोनिडॅझोल सुरू झालं. आयएनआर वाढणार, रक्तस्राव होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत होतं. लॉगबुकात 'गंभीर इंटरॅक्शन' असं लाल शाईनं लिहिलंही होतं. मी विचारलं, सांगितलं कुणाला? उत्तर नाही. अहो, ती वही बाई वाचणार आहेत का डॉक्टर? चूक दिसली आणि गप्प बसलात, तर ती न दिसलेल्यापेक्षा तुमचा गुन्हा मोठा आहे. रेसिडेंट डॉक्टरपाशी जाऊन दोन वाक्यं बोलायची होती: "मेट्रोनिडॅझोलमुळे आयएनआर वाढेल. वॉर्फरिनचा डोस कमी करून दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासू या का?" अडचण सांगा आणि त्याच दमात उपायही सांगा. नुसती अडचण सांगणारा माणूस कुणालाच नको असतो.

पण बोलायला आधी तयारी लागते, आणि तिथेच सगळा आनंद आहे. सत्तर वर्षांच्या आजी, वजन 40 किलो, क्रिएटिनिन 1.2. तुमच्यापैकी एकानं लिहिलं, "किडनी ठीक." कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं का? मांडा गणित. क्लिअरन्स येतो मिनिटाला साडेसत्तावीस मिलीलिटर. या आजींना अमिकासिन नेहमीच्या हिशेबानं दिलं तर किडनीही जाईल आणि कानही जातील. "केसपेपरवर वजनच नव्हतं" हे कारण मला सांगू नका. वॉर्डात काटा आहे, सिस्टर आहेत, तुम्हाला पाय आहेत.

आता औषधांचा इतिहास. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारता, पेशंट "नाही" म्हणतो आणि तुम्ही "नाही" लिहून मोकळे. आपल्याकडे बीपीच्या गोळीला कित्येक जण औषध मानतच नाहीत. ती 'रोजची गोळी' असते. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामकं, वैद्यांनी दिलेली पुडी, शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, यातलं एकही आपणहून कुणी सांगत नाही. नातेवाइकांना घरची औषधांची पिशवी आणायला सांगा. ती कॉटवर रिकामी करा आणि एकेक पाकीट हातात घेऊन विचारा.

डिस्चार्जच्या वेळी तर तुम्ही पोपट होता. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा बसते, माणूस दगावतो. "समजलं ना?" म्हटल्यावर पेशंट मान हलवणारच. त्याऐवजी विचारा, "आजोबा, ही गोळी कुठल्या वारी घेणार?" त्यांनी स्वतःच्या तोंडानं वार सांगेपर्यंत तिथून हलू नका.

औषधानं अपाय झाल्याची शंका आली तरी तुमचा हात फॉर्मकडे जात नाही. "सिद्ध झालं नाही ना, मॅडम!" सिद्ध करायला कुणी सांगितलंय? 2010 पासून देशात फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम चालू आहे, तो शंकेवरच चालतो. पेशंटची ओळख, काय त्रास झाला, कुठल्या औषधाचा संशय आहे आणि कळवणारा कोण, एवढं तरी भरा.

काहींना अमेरिकेत पदव्युत्तर रेसिडेन्सी करायची आहे. जरूर करा. तिथे अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागतात, आणि तुमच्यामुळे कुठल्या पेशंटचे उपचार बदलले, याचं उत्तर तुमच्यापाशी असावं लागतं. वर्षभर तोंड न दाखवता आदल्या रात्री "मॅडम, प्लीज, सकाळपर्यंत" असा मेसेज आला, तर मी काय लिहू? हजेरी चांगली होती?

आणि मागे बसलेले शिक्षक सहकारी, तुम्ही हसू नका. शनिवारी ढिगानं लॉगबुकांवर सह्या कोण करतं? मुलांना वॉर्डातून काढून स्टोअरमध्ये साठा मोजायला कोण पाठवतं? डॉक्टर मुलांवर डाफरले की भिंतीकडे कोण बघतं? बऱ्याच ठिकाणी या मुलांच्या विद्यावेतनाच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य असतं. पैसे देणं आपल्या हातात नसेल, पण वेळ देणं आहे. पहिला महिना त्यांच्यासोबत राउंडला उभे राहा. त्यांची नोंद त्याच दिवशी वाचा. त्यांची सूचना डॉक्टरांनी नाकारली, तर का नाकारली ते विचारून त्यांना समजावा. पोहायला येत नाही म्हणून काठावरून ओरडणारा गुरू कुणालाही होता येतं. पाण्यात उतरावं लागतं.

उद्या राउंड आठला आहे. तुम्ही सातला वॉर्डात हवे आहात. प्रत्येकाला दोनच पेशंट, पण त्यांची प्रत्येक गोळी, प्रत्येक रिपोर्ट आणि घरची पिशवी तुमच्या डोक्यात हवी. प्रत्येकानं राउंडमध्ये निदान एक वाक्य बोलायचं. चुकलात तर मी शेजारी उभी असेन. गप्प राहिलात, तर परवापासून येऊ नका.