पुरे म्हणजे किती?



दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचे बेट आहे. तेथे विमानतळ नाही. केपटाऊनहून बोटीने पोहोचायला साधारण आठवडा लागतो. वस्ती अडीचशेच्या आत. संत योसेफाच्या नावाचे लहानसे कॅथलिक चर्चही तेथे आहे.

1961 साली बेटावर ज्वालामुखी भडकला. लाव्ह्याने शेवंडीचा कारखाना गिळला आणि सर्वांना इंग्लंडला नेण्यात आले. तेथे घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. आता यांचे भले झाले, असे जगाला वाटले. पण 1962 मध्ये त्यांनी मतदान केले. परतण्याच्या बाजूने 148, विरुद्ध 5! 1963 मध्ये बहुतेक जण आपल्या बेटावर परतले.

त्यांना वेडे ठरवण्याआधी आपण त्यांची रीत पाहू. 1817 मध्येच पहिल्या रहिवाशांनी करार केला होता की, कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही आणि नफा सर्वांना सारखा. आजही तेथील जमीन सामायिक आहे. बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. गुरेमेंढरे किती पाळावीत यालाही मर्यादा आहे. त्यामुळे कुरण टिकते आणि एकाची श्रीमंती दुसऱ्याच्या पोटावर येत नाही. कमाईचा मुख्य आधार शेवंड, तीही ठरवून दिली तेवढीच पकडायची.

तेथे सारे आलबेल आहे असे नाही. एकाच मालावर बेट जगते. 2011 मध्ये शेजारच्या नाइटिंगेल बेटावर मालवाहू जहाज फुटले, तेल पसरले आणि तेथील शेवंडीची मासेमारी थांबवावी लागली. वस्तीत म्हातारी माणसे वाढत आहेत. तरुण शिकायला बाहेर जातात, सगळेच परततात असे नाही.

आद्य ख्रिस्ती लोक आपले सर्व काही समाईक मानत व गरजेप्रमाणे वाटून घेत, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण ऐकतो आणि 'तो काळ वेगळा होता' म्हणून सोडून देतो. पैसा हे साधन आहे, एकमेकांसोबत नांदणे हे साध्य. साधनालाच साध्य मानले की विकास होतो, पण गाव उरत नाही. वाडी विकताना, भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढताना 'किती मिळेल?' असे आपण विचारतो. 'किती पुरे?' असे विचारत नाही. चर्चच्या सणाचा खर्च ठरवताना आम्ही धर्मगुरूही हेच विसरतो.

या आठवड्यात घरच्या रोझरीनंतर हा प्रश्न एकमेकांना विचारू या. पुरेसे ओळखण्याची बुद्धी आणि उरलेले वाटण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो. आमेन.