नाताळचा सातबारा

डिसेंबर उजाडला की मला एक आजार होतो. मी डॉक्टर असल्यामुळे (निवृत्त, पण निवृत्त डॉक्टर होतो, त्याचे सल्ले होत नाहीत) त्याचं नाव मला ठाऊक आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझलच्या विद्यापीठात एक प्रबंध लिहिला आणि मुलखापासून दूर चाकरी करणाऱ्या माणसांच्या दुखण्याचं 'नॉस्टॅल्जिया' असं ग्रीक बारसं केलं. परतणं आणि वेदना, या दोन शब्दांचा तो जोड. पुढे हा रोग वैद्यकाच्या ग्रंथांतून निघाला आणि साहित्यात शिरला. मराठीत आल्यावर आपण त्याला स्मरणरंजन म्हणू लागलो. म्हणजे मूळच्या नावातली वेदना गेली आणि तिच्या जागी रंजन आलं! ही अदलाबदल कुणी केली आणि केली ती प्रामाणिकपणे केली का, असा माझा आजचा प्रश्न आहे.

माझी लक्षणं अशी : मी नाशिकचा. घरात मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात. आणि मी मात्र सकाळी दाढी करताना १९७३ सालचं इंग्लंडातलं नाताळचं गाणं गुणगुणतो. फिरायला येणारे आमचे एक निवृत्त हेडमास्तर मला एकदा म्हणाले, "डॉक्टर, सण त्यांचा, देश त्यांचा, भाषा त्यांची. तुमचा गहिवर नेमका कशाचा?" यावर मी त्यांना विचारलं, "मास्तर, शेजारच्या घरात पुरणपोळी होत असली तर वास घेण्यापूर्वी तुम्ही घराचे कागद बघता का?" मास्तर गप्प झाले. पण मास्तर लोक गप्प झाले म्हणजे पटलं असं नसतं. ते पुढचा प्रश्न काढत असतात.

तर आधी हकिगत सांगतो. १९७१ च्या सप्टेंबरात मी इंग्लंडातल्या एका इस्पितळात नोकरीला लागलो आणि पाच वर्षं तिथे काढली. तेव्हा आपल्याकडे दूरदर्शन फक्त दिल्लीत होतं. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. तिकडे मात्र तीन-तीन वाहिन्या! दोन बीबीसीच्या आणि एक आयटीव्ही. गंमत अशी की बीबीसीचे कार्यक्रम छापायचे 'रेडिओ टाइम्स'नं आणि आयटीव्हीचे 'टीव्ही टाइम्स'नं. नाताळात सगळं कळायला हवं तर दोन्ही अंक घ्यायचे, म्हणजे लग्नाला जायचं तर वरपक्षाची आणि वधूपक्षाची अशी दोन्ही आमंत्रणं हातात असल्याशिवाय जेवण किती वाजता ते समजू नये तसं. घरोघरी हे अंक पेन्सिलीच्या खुणांनी भरून जात.

त्यांच्या नाताळचा दूरचित्रवाणीवरचा सत्यनारायण म्हणजे मोरकम आणि वाइज या जोडगोळीचा कार्यक्रम. १९७१ च्या नाताळात त्यांनी आंद्रे प्रेव्हिन या खऱ्याखुऱ्या मोठ्या संगीतकाराला बोलावलं. तो वाद्यवृंद घेऊन उभा, आणि एरिक मोरकम पियानोवर ग्रीगची रचना भलतीच बडवतोय. प्रेव्हिननं हरकत घेतली तेव्हा त्याचं म्हणणं असं, की सूर सगळे बरोबर आहेत, फक्त त्यांचा क्रम तेवढा लागलेला नाही. माणसाच्या आठवणींबद्दल याहून नेमकं विधान मी कुठल्या तत्त्ववेत्त्याकडून ऐकलेलं नाही.

आता मास्तरांचा पुढचा प्रश्न. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी आणलाच. "बरं, पण ते दिवस खरंच इतके चांगले होते का?"

नव्हते. १९७३ च्या डिसेंबरात तेलाची टंचाई, खाणकामगारांचा जादा काम न करण्याचा निर्णय, कोळसा आटत चाललेला. १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळणार असं सरकारनं जाहीर केलं होतं. टीव्ही रात्री साडेदहाला बंद व्हायचा. नाताळपुरती तेवढी सवलत मिळाली. त्याच महिन्यात स्लेड नावाच्या आरडाओरडा करणाऱ्या मंडळींचं 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' हे गाणं आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. हेच माझं दाढीचं गाणं. अंधार पडायला लागला की माणसं मोठ्यानं गातात, हे आपल्याकडे भुताच्या वाटेनं जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

बरं, हे थंडीचं गाणं ध्वनिमुद्रित कुठे झालं? न्यूयॉर्कमध्ये, भर उन्हाळ्याच्या उकाड्यात! आणि ही काही स्लेडची एकट्याची लबाडी नाही. अमेरिकेत मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स या दोघांनी शेकोटीत भाजणाऱ्या चेस्टनटांचं प्रसिद्ध गाणं लिहिलं ते १९४५ च्या जुलैत, कॅलिफोर्नियात घामाच्या धारा लागलेल्या असताना, गार वाटावं म्हणून. आणि 'व्हाइट ख्रिसमस'? ते रचणारा अर्व्हिंग बर्लिन हा रशियातून आलेला ज्यू. म्हणजे नाताळ त्याचाही नव्हे! त्या गाण्याचं मूळचं पहिलं कडवं ऊन आणि ताडामाडांच्या कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाचं आहे. पुढे बहुतेक गायकांनी ते गाळलं. बिंग क्रॉस्बीनं १९४२ साली ते गायलं आणि रणभूमीवरचे सैनिक ते ऐकून घराकडे डोळे लावून बसले. पण या बर्लिनचं तान्हं मूल १९२८ च्या नाताळच्या दिवशी गेलं होतं. आता सांगा, या गाण्यात वेदना किती आणि रंजन किती, हे कुठल्या तराजूत मोजायचं?

माझं म्हणणं मी मास्तरांना असं सांगितलं : हे स्मरण पहिल्यापासूनच बनवलेलं आहे आणि ते बनवलेलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नाटकातला राजा खरा राजा नसतो म्हणून कुणी त्याच्यावर फसवणुकीची फिर्याद लावत नाही. मग माझ्या गोड आठवणीला खोटी साक्ष का म्हणायचं?

हा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला. पण त्याच्या आड एक देवळाली येते. आमच्या नाशिकजवळची देवळाली. नाताळची सुट्टी संपता संपता, ३ जानेवारी १९७४ ला, बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणीत नाटकं करणाऱ्या गोऱ्या सैनिकांची ती गोष्ट. देवळाली! इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्दही तिथलाच. मायदेशीच्या बोटीची वाट पाहत छावणीत कुजणाऱ्या शिपायांना 'डूलॅली टॅप' व्हायचा, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. परमुलखात पडद्यावर आपलं गाव आलं म्हणून मी सरसावून बसलो. पाहतो तो देवळाली इंग्लंडातच उभी केलेली आणि रंगी राम हा मुख्य देशी नोकर म्हणजे मायकेल बेट्स नावाचा गोरा नट, तोंडाला तपकिरी रंग फासून! हा बेट्स जन्मला मात्र झाशीला. मी हसलो का? हसलो. विनोद चांगले होते. वॉर्डातले पेशंटही हसले आणि हसता हसता माझ्याकडे बघू लागले, तेव्हा माझ्या हसण्याचा आवाज मलाच जरा वेगळा ऐकू आला. आज त्या मालिकेचं नाव तिकडे लोक घसा खाकरून घेतात. माझ्या आठवणीत ती आहे, पण आरामखुर्चीत नाही; दाराशी उभी आहे.

खरा प्रश्न मात्र टीव्हीनंही घातला नाही आणि मास्तरांनीही नाही. तो घातला आमच्या सौभाग्यवतींनी, मेथी निवडता निवडता.

१९७३ च्या नाताळात माझी ड्यूटी होती. आम्ही परदेशी डॉक्टर नाताळात हमखास ड्यूटीवर. 'तुमचा कुठे सण आहे?' हा मास्तरांचा प्रश्न तिथल्या कार्यालयानं आधीच विचारून ठेवलेला. पण वॉर्डात मजा होती. बडे डॉक्टर कागदी मुकुट घालून स्वतःच्या हातानं टर्की कापून वाढत होते (त्यांचा हात पाहून शस्त्रक्रियेसाठी थांबलेले दोन पेशंट विचारात पडले). रात्री सगळ्या खाटांनी मिळून टीव्ही पाहिला. नातवाला ही गोष्ट मी दर डिसेंबरात सांगतो आणि शेवटी म्हणतो, "काय दिवस होते ते!"

एकदा असं म्हणालो तर ही शांतपणे म्हणाली, "तुमचे ते दिवस होते. माझी ती रात्र होती."

आम्ही एका खोलीत राहत होतो. विजेचा मीटर नाणं टाकून चालणारा. मुलगा दोन महिन्यांचा. खालची घरमालकीण लेकीकडे गेलेली. नाताळच्या दिवशी तिकडे बस नाही, दुकान नाही, रस्त्यावर माणूस नाही. हीही भाड्याच्या टीव्हीवर तोच कार्यक्रम बघत होती. मध्येच मीटर संपला. पडदा गेला, दिवा गेला, हीटर गेला. सुटं नाणं एकही नाही. पोराला कोटात घेऊन ती सकाळपर्यंत पलंगावर बसून राहिली. नऊ वाजता मी आलो आणि रात्रीचे सगळे विनोद तिला नकलांसकट सांगितले. ती हसली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही इतके खुशीत होतात," ती म्हणाली, आणि मेथीच्या काड्या बाजूला करू लागली.

यात चूक कुणाचीच नव्हती. ड्यूटी होती, मीटर होता, नाताळ होता. माझा आनंद खरा होता आणि तिचा अंधारही खरा होता, एकाच रात्रीचा. माझा आनंद पुसून टाकला म्हणून तिचा अंधार काही उजळत नाही. मग अशा आठवणीचं करायचं काय?

शेतजमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना सातबारा माहीत असतो. कब्जेदार म्हणून नाव आपलं असतं, पण त्यावर 'इतर हक्क' असाही एक रकाना असतो. कुणाचा बोजा आहे, कुणाची वहिवाट आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. जमीन आपली म्हणून तो रकाना खोडता येत नाही. आणि तो रकाना भरलेला आहे म्हणून जमीन परकीही होत नाही. गोड आठवणीचा उतारा काढताना माणसं हा रकाना कोरा ठेवतात, एवढीच स्मरणरंजनातली अप्रामाणिकता. सत्तरच्या दशकातला नाताळ आठवून इंग्लंडातले म्हातारेही डोळे पुसतात. पण घर टीव्हीपुढे हसत असताना कुणीतरी पहाटेपासून ओव्हनपाशी उभं होतं; कुणी खाणीतल्या मजुरीसाठी भांडत होतं; कुणी परक्या तोंडाला फासलेला रंग पाहत होतं. त्यांची नावं लिहा आणि मग खुशाल गा.

आम्ही आता तसंच करतो. नातवाला वॉर्डाची गोष्ट मी सांगतो आणि मीटरची गोष्ट ती. त्याला मीटरचीच जास्त आवडते. "नाणं टाकल्याशिवाय दिवा नाही?" असं तो दर वर्षी विचारतो. मास्तरांनाही हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि या खेपेला पुढचा प्रश्न आला नाही.

मागच्या डिसेंबरात स्वयंपाकघरातून स्लेडचं तेच गाणं ऐकू आलं. म्हटलं, रेडिओ लागला असेल. पाहतो तो ही गुणगुणत होती, सूर सगळे बरोबर आणि क्रम अर्थातच वेगळा.

"तुला आवडतं हे?" मी चकित होऊन विचारलं.

"न आवडायला काय झालं?" ती म्हणाली. "मीटर संपायच्या आधी तेवढं ऐकून झालं होतं."