खिदमत त्यांची, जबाबदारी आपली



आपल्या मोहल्ल्यातील मस्जिदीचे वार्षिक जमाखर्चाचे पत्रक आपण कधी शांतपणे वाचून पाहिले आहे काय? बहुतेक ठिकाणी ते दाराजवळच्या फलकावर लावलेले असते आणि जुम्याच्या गर्दीत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यात वुजूखान्याच्या फरशा असतात, गालिचे असतात, रंगकाम, ध्वनिक्षेपक आणि वीजबिल असते. या सर्वांच्या मध्ये एक लहानशी ओळ असते : इमाम व मुअज्जिन यांचे मानधन. त्या ओळीपुढील रकमेला बाराने भागावे, आणि तेवढ्या पैशात आपले स्वतःचे घर एक महिना चालेल काय, असा प्रश्न स्वतःला विचारावा. पुढील विवेचन वाचण्यापूर्वी एवढे केले तरी विषयाचे गांभीर्य आपल्या ध्यानात येईल.

हा प्रश्न केवळ मस्जिदीचा नाही. मदरशातील मुअल्लिम, मकतबात लहान मुलींना कुरआन शिकविणारी आपा, यतीमखान्याचा देखरेख करणारा, धर्मादाय दवाखान्यातील परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा कारकून अशी सारी माणसे नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांवर उभी आहेत, किंवा खरे सांगायचे तर त्या संस्था या माणसांवर उभ्या आहेत. यांच्या वेतनाचा विषय निघाला की आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते : हे तर दीनचे काम आहे, याचा मोबदला अल्लाह देईल. या वाक्यातील श्रद्धेविषयी शंका नाही. परंतु ते वाक्य कोणाच्या तोंडी शोभते, हा विचार करण्याजोगा नैतिक प्रश्न आहे.

या वाक्याच्या समर्थनार्थ प्रेषितांचे उदाहरण दिले जाते. सूरह शुअरामध्ये हजरत नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब (अलै.) या प्रत्येकाने आपापल्या लोकांना सांगितले की, मी तुमच्याकडे कोणताही मोबदला मागत नाही, माझा मोबदला सर्व विश्वांच्या पालनकर्त्याकडे आहे. येथे बोलणारा कोण, हे पाहावे. हे उद्गार देणाऱ्याचे आहेत, घेणाऱ्यांचे नाहीत. लोकांनी प्रेषितांना तसे सुनावले नव्हते. जे वचन सेवकाने स्वतःच्या निष्ठेची साक्ष म्हणून उच्चारावे, ते सेवा घेणाऱ्यांनी त्याच्यापुढे अट म्हणून ठेवले तर त्याचा अर्थच उलटा होतो.

घेणाऱ्याने कसे वागावे, याचेही उदाहरण कुरआनात आहे. हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचले तेव्हा ते परके, थकलेले आणि निराधार होते. त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले, काहीही मागितले नाही आणि सावलीत जाऊन आपल्या पालनकर्त्यापुढे आपली गरज मांडली. त्यानंतर त्या मुलींच्या वृद्ध पित्याने स्वतः होऊन निरोप धाडला की, तुम्ही केलेल्या कामाचा मोबदला देण्यासाठी मी तुम्हाला बोलावीत आहे (सूरह कसस : २५). एकाने मागितले नाही आणि दुसऱ्याने त्याच्या न मागण्याचा लाभ उठविला नाही. दोघांचाही सदाचार एकाच प्रसंगात दिसतो. आपल्या संस्थांमध्ये बहुधा या प्रसंगाचा पहिलाच अर्धा भाग लागू केला जातो.

हीच गोष्ट इस्लामच्या पहिल्या खिलाफतीत अधिक स्पष्ट झाली. हजरत अबू बकर (रजि.) कापडाचे व्यापारी होते. खलीफा झाल्यानंतरही ते नेहमीप्रमाणे खांद्यावर कापड घेऊन बाजाराकडे निघाले. वाटेत हजरत उमर (रजि.) आणि हजरत अबू उबैदा (रजि.) भेटले. मुसलमानांचा कारभार आपल्यावर सोपविला असताना आपण बाजारात कसे, असे त्यांनी विचारले. माझ्या कुटुंबाला खाऊ कोठून घालू, असा साधा प्रतिप्रश्न खलीफांनी केला. तेव्हा बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चाची रक्कम ठरविण्यात आली. पुढे मृत्युसमयी, बैतुलमालमधून घेतलेले परत करण्याची सूचना त्यांनी आपल्या घरच्यांना केली.

या घटनेचे दोन भाग वेगवेगळे पाहावेत. वेतन ठरविणे हे समाजाचे कर्तव्य होते आणि समाजाने ते पार पाडले. ते परत करणे हा अबू बकर (रजि.) यांचा स्वतःचा त्याग होता, तो कोणी त्यांच्याकडून वसूल केला नाही. आधी हक्क पूर्ण हातात पडला, म्हणून नंतरच्या त्यागाला अर्थ आला. ज्याला हक्कच मिळाला नाही, तो त्याग कशाचा करणार? त्याच्या वाट्याला येते ती केवळ वंचना, आणि वंचनेला त्यागाचे नाव देऊन आपण आपल्या मनाचे समाधान करतो.

स्वतः सेवकाने संकोचून नकार दिला तर? याचेही उत्तर हदीसमध्ये आहे. अब्दुल्लाह बिन सअदी (रजि.) सार्वजनिक कामाचे वेतन घेत नसत. माझ्याकडे घोडे आहेत, गुलाम आहेत, माझे काम मुसलमानांसाठी सदका ठरावे, असे त्यांचे म्हणणे होते. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना असे करू नका म्हणून सांगितले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळात आपणही असाच नकार दिला होता, आणि प्रेषितांनी (सल्ल.) ते घेण्यास, आपल्या मालकीचे करण्यास आणि मग हवे तर दान करण्यास सांगितले होते, ही आठवण त्यांनी सांगितली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. म्हणजे दान करण्याची इच्छा असलेल्या सुस्थितीतील माणसालाही आधी वेतन घेण्यास सांगितले गेले.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. लोक गरिबांसाठी पैसा देतात, तो पगारावर खर्च झाला तर गरिबांचा वाटा कमी होणार नाही काय? देणगी देताना अनेक जण विचारतात की, यातील किती रक्कम कर्मचाऱ्यांवर जाते? हिशेब विचारणे योग्यच आहे. परंतु जकातीचे आठ हक्कदार सांगणारी आयत (सूरह तौबा : ६०) लक्षपूर्वक पाहावी. फकीर आणि मिस्कीन यांच्या लगोलग तिसऱ्या स्थानी जकातीचे काम करणारे कर्मचारी आहेत. गरिबांचा हक्क ज्या आयतीने निश्चित केला, तिनेच तो हक्क गरिबांपर्यंत पोहोचविणाऱ्याची उपजीविकाही निश्चित केली. त्याची मर्यादा किती, याविषयी इमामांमध्ये मतभेद आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्यांचे अनुयायी आहेत, त्या इमाम शाफई (रह.) यांच्या मते हा हिस्सा एक अष्टमांशाशी बांधलेला आहे. हनफी फुकहांच्या मते तो कामाच्या प्रमाणात द्यावा, मात्र त्याने जमा केलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक होऊ नये. मतभेद मर्यादेविषयी आहे, हक्काविषयी नाही.

येथे एका चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आयतीतील हा हिस्सा जकात गोळा करण्याच्या व वाटण्याच्या कामावर नेमलेल्यांसाठी आहे. इमामत किंवा अध्यापनाचे वेतन जकातीतून देता येत नाही, कारण जकात ही कामाच्या बदल्यात द्यायची रक्कम नाही, असे सर्वसाधारणपणे उलमा सांगतात. तरीही रमजानमध्ये इमाम साहेबांच्या हाती जकात आणि फितऱ्याची पाकिटे ठेवून वर्षभराच्या अपुऱ्या वेतनाची भरपाई झाली, असे काही ठिकाणी मानले जाते. गरजू इमामाला जकात देण्यास हरकत नाही, परंतु ती वेतनात धरता येणार नाही. शिवाय मनाला हाही प्रश्न विचारावा : ज्याला आपणच अपुरे वेतन देऊन जकातीस पात्र ठेवले, त्यालाच जकात देऊन आपण सवाबाची अपेक्षा कशी करतो?

अजान आणि कुरआन शिकविण्याचे वेतन घेण्याविषयी फिकहमध्ये जुनी चर्चा आहे, हे लपविण्याचे कारण नाही. अजानबद्दल मोबदला न घेणारा मुअज्जिन नेमावा, अशी सूचना प्रेषितांनी (सल्ल.) हजरत उस्मान बिन अबिल आस (रजि.) यांना केल्याची हदीस आहे, आणि आरंभीच्या हनफी इमामांनी अशा कामांचे वेतन संमत केले नव्हते. त्या काळी शिकविणाऱ्यांना बैतुलमालमधून साहाय्य मिळत असे. ती व्यवस्था संपल्यावर कोणी पोटासाठी अध्यापन सोडले तर कुरआनचे शिक्षणच लोप पावेल, हे ओळखून नंतरच्या हनफी उलमांनी वेतनास संमती दिली. म्हणजे जुन्या मताच्या पाठीशी बैतुलमाल उभे होते. ती जबाबदारी न उचलता केवळ ते मत उचलणे न्यायाचे होणार नाही. आपल्या देशातही १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळांच्या अखत्यारीतील मस्जिदींच्या इमामांचा वेतनाचा हक्क मान्य केला आणि आर्थिक अडचणीची सबब स्वीकारली नाही. जे आपल्या शरीअतने शिकविले होते, ते आपल्याला न्यायालयाकडून ऐकावे लागले.

वेतनाबरोबर इतर सोयींचाही विचार करावा. अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, जो आमचा कर्मचारी असेल त्याला पत्नी नसल्यास त्याने विवाह करावा, सेवक नसल्यास सेवक ठेवावा आणि घर नसल्यास घर मिळवावे, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. उपजीविकेची ही कल्पना दोन वेळच्या जेवणापुरती नाही, तीत संसार, मदत आणि निवारा आहे. त्याच हदीसच्या शेवटी, याहून अधिक घेणारा अपहार करणारा ठरतो, असा इशाराही आहे. म्हणून हा लेख विश्वस्तांना जितका लागू आहे तितकाच सेवकांनाही लागू आहे. सार्वजनिक पैशातून ऐषआराम, कामाच्या वेळेत कसूर, पदामुळे मिळणाऱ्या भेटवस्तू हे सर्व अमानतीत खयानत आहे. जकात वसूल करून आलेल्या इब्ने लुत्बिया यांनी काही माल मला भेट मिळाला असे सांगितले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) मिंबरवरून विचारले की, तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? पुरेसे द्यावे आणि पुरेसेच घ्यावे, हा समतोल इस्लामने शिकविला.

आता वार्धक्याचा प्रश्न. तीस वर्षे फजरची अजान देणाऱ्याचा आवाज एके दिवशी थकतो. मग काय? काझी अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदविले आहे की, हजरत उमर (रजि.) यांना एक अंध, वृद्ध यहुदी भीक मागताना दिसला. त्याच्या तरुणपणी आपण त्याच्याकडून घेतले आणि म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडले, हा न्याय नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी बैतुलमालमधून त्याची सोय केली. ज्याच्याकडून जिझिया घेतला त्याच्याविषयी खलीफांची ही भावना असेल, तर ज्याच्या मागे आपण नमाज अदा केली त्याच्याविषयी आपली कशी असावी?

याला फार मोठा पैसा लागतो, असेही नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हे माप घालून दिले. दोन माणसांच्या मस्जिदीपर्यंत तो कायदा पोहोचला नसेल, पण ते माप वापरण्यास कोणी अडविलेले नाही. समजा वेतन १२,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस धरल्यास वर्षाचे सुमारे ६,९२३ रुपये, म्हणजे महिन्याला ६०० रुपयांहूनही कमी रक्कम बाजूला ठेवावी लागते. चाळीस घरांच्या वस्तीत हा भार प्रत्येक घरामागे महिन्याला १५ रुपये इतकाच होतो. अडचण पैशाची असते त्यापेक्षा अधिक ती आपल्या प्राधान्यक्रमाची असते. मिनाराला देणारे हात पुढे येतात, कारण मिनार दिसतो.

यासाठी प्रत्येक जमातीने आणि संस्थेने काही साध्या गोष्टी कराव्यात. इमारत निधी आणि वेतन निधी वेगळे ठेवावेत. नियुक्ती लेखी असावी, तीत कामाचे तास, रजा आणि वेतनवाढ नमूद असावी. वेतन ठरलेल्या तारखेला, शक्यतो बँकेत जमा व्हावे, म्हणजे कोणाला कोषाध्यक्षांच्या दारात उभे राहावे लागणार नाही. आजारपणाच्या विम्याची आणि वार्धक्यनिधीची तरतूद असावी. आणि वेतन ठरविताना विश्वस्तांनी एकच कसोटी लावावी : एवढ्या रकमेत मी माझ्या मुलांना वाढविले असते काय?

कुरआनने अशा लोकांचे वर्णन केले आहे जे अल्लाहच्या मार्गात गुंतल्यामुळे कमावण्यास मोकळे नसतात, मागत नाहीत, आणि अजाण माणूस त्यांना सुस्थितीतील समजतो (सूरह बकरा : २७३). ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू येतात, असेही तेथे म्हटले आहे. सलाम फेरून इमाम आपल्याकडे तोंड करून बसतात, तेव्हा तो चेहरा रोज आपल्यासमोर असतो. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, अशी हदीसे कुदसी बुखारीत आहे. दीनच्या सेवकांना तिच्यातून वगळलेले नाही.

त्यांच्या निष्ठेचा हिशेब त्यांच्या आणि त्यांच्या पालनकर्त्यामध्ये आहे, त्यांच्या वेतनाचा हिशेब मात्र आपल्याकडून घेतला जाईल. अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क वेळेवर आणि सन्मानाने देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.