धाकधूक आणि रुखरुख

मोठा व्यवहार ठरविण्यापूर्वी इमामाकडे येणारी माणसे थोडी असतात. व्यवहार झाल्यानंतर येणारी पुष्कळ. नोकरी सोडली, भागीदारी मोडली, आयुष्यभराची पुंजी एखाद्या धंद्यात घातली आणि रात्रीची झोप उडाली की इशाच्या नमाजनंतर एखादे गृहस्थ मशिदीत रेंगाळतात. दिवे मालवायची वेळ होते, तरी उठत नाहीत.

असेच एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. कोकणातले. अठरा वर्षे आखातात नोकरी करून ते गावी परतले होते आणि हमरस्त्यालगतच्या वडिलोपार्जित जागेवर त्यांनी सिमेंट, सळई, पत्रे आणि रंग यांचे दुकान थाटले होते. साठवलेली जवळजवळ सगळी रक्कम त्यात गेली. दुकान उघडून चार महिने झाले होते. "मौलाना, मी इस्तिखारा केला होता," ते म्हणाले. "जाणत्या माणसांना विचारलेही होते. मग मन थाऱ्यावर का येत नाही? अल्लाहला हे मंजूर नाही, असा अर्थ घ्यावा का?"

मी त्यांना तवक्कुलवर चार वाक्ये ऐकवली, एक दुआ लिहून दिली आणि घरी पाठवले. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. हा लेख त्या अपुरेपणाची भरपाई आहे असे समजा.

आधी इस्तिखाऱ्याविषयी, कारण याबाबत आपल्या घराघरांत मोठा गैरसमज आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या सोबत्यांना इस्तिखारा कुरआनच्या एखाद्या सूरहइतक्या काळजीने शिकवीत. दोन रकअत नफ्ल आणि त्यानंतर दुआ. या दुआत स्वप्नाचा उल्लेख नाही, स्वप्नात दिसणाऱ्या रंगांचा नाही, छाती हलकी होण्याचाही नाही. बंदा एवढेच मागतो की हे काम धर्म, चरितार्थ आणि परिणाम या दृष्टीने हिताचे असेल तर घडू दे, अहिताचे असेल तर टळू दे. आणि शेवटी, हित जेथे असेल ते देऊन मला त्यावर राजी कर, अशी विनवणी आहे. या शेवटच्या मागणीकडे लक्ष द्या. इस्तिखारा केल्याबरोबर मन आपोआप राजी होत असते, तर राजीपणा वेगळा मागण्याचे कारणच नव्हते. मन डळमळणार हे ज्यांनी दुआ शिकवली त्यांना ठाऊक होते. म्हणून निर्णयानंतरची अस्वस्थता हा अल्लाहचा नकार आहे, असा निष्कर्ष काढण्यास आधार नाही.

मग या अस्वस्थतेचे करायचे काय? मदरशात आम्हाला फिकहचा एक मूलभूत नियम पाठ करवून घेत: जे खात्रीने सिद्ध आहे, ते केवळ शंकेने नष्ट होत नाही. त्याचे उदाहरण लहान मुलांनाही समजेल असे आहे. नमाजमध्ये उभ्या असलेल्या माणसाला वजू तुटल्याची शंका आली, तर त्याने काय करावे? प्रेषितांनी (स.) अशा माणसाला नमाज सोडू नको असे सांगितले, आवाज ऐकू यावा किंवा वास यावा, तेव्हाच वजू गेला असे समजावे. नुसते 'वाटणे' पुरेसे नाही. अन्यथा वसवशाच्या आहारी गेलेला माणूस दिवसभर नळाखालीच बसून राहील. अशी माणसे मी पाहिली आहेत, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली तशीच माणसेही पाहिली आहेत. नुकताच घेतलेला निर्णय ती रोज नव्याने धूत असतात.

शरीअतने व्यापारातील शंकेला जागा दिलीच नाही, असे मात्र समजू नका. खरेदी-विक्रीच्या प्रकरणात 'खियार' नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे. खियार म्हणजे झालेला सौदा कायम ठेवण्याचा अथवा मोडण्याचा अधिकार. सौदा करणारे दोघे वेगळे होईपर्यंत हा अधिकार त्यांना असतो, अशी हदीस आहे. वेगळे होणे म्हणजे बैठकीतून उठून जाणे की बोलणे पक्के होणे, याबाबत शाफई आणि हनफी मतांत फरक आहे. कोकणातील शाफई आणि घाटावरचे हनफी वाचक आपापल्या आलिमांना विचारतील. याखेरीज, विचार करायला वेळ हवा अशी अटही घालता येते. व्यवहारात वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना प्रेषितांनी (स.) तशी सवलत दिली होती. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांच्याही मते तिची कमाल मुदत तीन दिवस. मुदत टळली आणि पस्तावा झाला, तरीही समोरच्याने उदार होऊन सौदा परत घ्यावा, याला 'इकाला' म्हणतात. जो असे करील त्याची चूक अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, असे आश्वासन आहे.

तीन दिवस. मला ही मर्यादा फार शहाणपणाची वाटते. शंकेला तिच्या हक्काचा वेळ मिळाला, आणि त्यानंतर सौदा सौदा झाला. आपण नेमके उलटे करतो. बयाणा देताना, कागदावर सही करताना घाई करतो, आणि शंकेला पुढची तीन वर्षे देतो.

आता थोडा वेळ मदीनेत चला. हिजरी सन ३, म्हणजे इसवी सन ६२५. मक्केचे सैन्य उहुदजवळ येऊन थडकले होते. शहरात राहून सामना करावा की बाहेर पडावे, यावर सल्लामसलत झाली. प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल शहरात राहण्याकडे होता. बद्रमध्ये सहभागी होऊ न शकलेले तरुण मात्र बाहेर पडण्यास उत्सुक होते, आणि बहुमत तिकडे झुकले. प्रेषित (स.) घरात गेले आणि चिलखत घालून बाहेर आले. एवढ्या वेळात तरुणांना पश्चात्ताप झाला होता. आपण अल्लाहच्या प्रेषितांवर आपले मत लादले की काय, या विचाराने ते खजील झाले आणि म्हणाले, आपली इच्छा असेल तर शहरातच राहू या. प्रेषितांनी (स.) ते नाकारले. एकदा चिलखत चढवल्यावर अल्लाहचा फैसला होण्यापूर्वी ते उतरवणे पैगंबराला शोभत नाही, असे त्यांचे उत्तर होते.

लक्षात घ्या, त्या तरुणांच्या शंकेत नवी माहिती काहीच नव्हती. शत्रू तोच, सैन्य तेवढेच. फक्त मन बदलले होते.

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटेतूनच अब्दुल्लाह बिन उबई सुमारे ३०० माणसे घेऊन परत फिरला. सुमारे ७० मुस्लिम शहीद झाले. हजरत हमजा (रजि.) त्यांतलेच. खुद्द प्रेषित (स.) जखमी झाले. निकालावरून निर्णय जोखायचा असता, तर 'शहरातच राहायला हवे होते' म्हणणाऱ्यांना याहून मोठा पुरावा कोणता? आणि तसे म्हणणारे निघालेही. आमचे ऐकले असते तर हे लोक मेले नसते, असे बोलणाऱ्यांची कुरआनने सूरह आलि इमरानमध्ये दखल घेतली आहे आणि त्यांना फटकारले आहे. मुसलमानांची चूकही तेथे स्पष्ट दाखवली आहे, पण ती चूक बाहेर पडण्याची नव्हती. टेकडीवर नेमलेल्या ५० तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आज्ञा मोडून जागा सोडली, ती होती. नुसता निकाल पाहून पस्तावणारा माणूस बहुधा भलत्याच गोष्टीला दोष देतो. धंदा बसला की 'दुकान काढलेच कशाला' असे तो म्हणतो. उधारीच्या वहीकडे पाहत नाही.

आणि याच सूरहमध्ये, याच लढाईच्या संदर्भात, प्रेषितांना (स.) आज्ञा होते की या लोकांशी सल्लामसलत करीत राहा, आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा (३:१५९). ज्या सल्लामसलतीनंतर ७० जनाजे उचलावे लागले, ती पद्धत रद्द झाली नाही. परिणाम हा माणसाच्या हिशेबाचा भाग नव्हताच. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये, संकट आल्यावर 'असे केले असते तर' म्हणत बसण्यास मनाई आहे. ते 'तर' सैतानाला काम मिळवून देते, असे तेथे सांगितले आहे.

याचा अर्थ एकदा ठरवले की भिंत आली तरी चालत राहावे, असा मात्र नाही. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना समजले की पुढे साथ पसरली आहे. त्यांनी आधी मुहाजिरांना, मग अन्सारांना आणि मग कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारले आणि परत फिरण्याचा निर्णय जाहीर केला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांचे उत्तर प्रसिद्ध आहे: अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी आणि एक उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते तकदीरनेच होते, असा दाखलाही त्यांनी दिला. उहुदला चिलखत उतरले नाही, सर्गला काफिला परतला. सर्गला नवी बातमी आली होती. वजूच्या उदाहरणातला 'आवाज' ऐकू आला होता.

इतके सगळे मी त्या गृहस्थांना दुसऱ्या भेटीत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तरी चेहरा उतरलेलाच राहिला. तेव्हा मला प्रथम शंका आली की आपण वेगळ्याच दुखण्यावर औषध देत आहोत.

आपल्या मराठीत येथे उपयोगी पडणारे दोन शब्द आहेत. पुढे काय होईल या भीतीने होते ती धाकधूक. काही करायचे राहून गेले, कोणाचे काही आपल्याकडे राहिले, म्हणून आत सलत राहते ती रुखरुख. दोन्ही रात्री झोपू देत नाहीत, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. वर सांगितलेले सगळे धाकधुकीवरचे उपाय आहेत. रुखरुखीवर ते लावले तर नुकसान होते, कारण रुखरुख शांत करायची नसते, तिचे ऐकायचे असते. पाप म्हणजे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची ओळख सांगितली: जे तुमच्या छातीत सलते आणि जे लोकांना कळू नये असे तुम्हाला वाटते. हजरत नव्वास (रजि.) यांची ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

तिच्या दुसऱ्या भागात मला एक कसोटी दिसते. माल खपेल का, हप्ते फिटतील का, शेजारी दुसरे दुकान उघडेल का, ही धाकधूक माणूस चहाच्या टपरीवरही बोलून दाखवतो. जे तो बोलत नाही, तेथे पाहावे. भांडवलासाठी पत्नीचे दागिने मोडताना ती 'हो' म्हणाली होती की नुसती गप्प राहिली होती? भागीदाराला खरा हिशेब दाखवला का? व्याजाच्या कर्जाला आपण 'नाइलाज' हे नाव किती घाईने दिले? हे प्रश्न तवक्कुलच्या चादरीखाली झाकता येत नाहीत.

म्हणून मी त्या गृहस्थांना विचारले, "या दुकानाबाबत अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही अजून कोणालाच सांगितलेली नाही?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "जागा वडिलांची. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली आहे."

सही कशी झाली, तेही त्यांनी सांगितले. वडील गेल्यानंतर दोन महिन्यांनी. निबंधक कार्यालयात बहीण आली, कोठे सही करायची ते विचारले, केली आणि दुपारच्या गाडीने सासरी गेली. आईवडील दोघेही नाहीत, भाऊ एकच. माहेर तुटू नये म्हणून बहिणी अशा सह्या करतात, हे आपल्या समाजात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. कायद्याने कागद पक्का असतो. पण कुरआनने सूरह निसामध्ये स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ. आणि हनफी उलमांचे सर्वसाधारण मत असे आहे की स्थावर वारसाहक्क नुसता 'सोडला' म्हटल्याने संपत नाही; हिस्सा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्यावा, मग ती स्वखुशीने परत देऊ इच्छील तर ती तिची देणगी. रिवाजाच्या ओझ्याखालची शांतता ही खुशी नसते.

इस्तिखारा त्यांनी दुकानासाठी केला होता. जागेसाठी केला नव्हता, आणि करता येणारही नव्हता. दुसऱ्याचा हक्क देणे बंधनकारक असते, तेथे इस्तिखाऱ्याला वाव नाही.

पुढच्या जुम्याच्या आधी ते बहिणीकडे गेले. परतल्यावर जागेची किंमत करून घेतली. बहिणीचा हिस्सा एक तृतीयांश निघाला. एवढी रक्कम हाताशी नव्हती, तेव्हा महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची असे दोघांनी साक्षीदारांसमोर लिहून ठेवले. बहीण आधी नको म्हणाली. मग पहिला हप्ता घेतला, आणि दुसराही.

दुकानाचे म्हणाल तर ते अजून नीट चालत नाही. गेल्या पावसाळ्यात सिमेंटच्या गोण्या पडून राहिल्या, काही दगड झाल्या. हे त्यांनी मला मशिदीच्या पायरीवर, चप्पल घालता घालता, चारचौघांसमोर मोठ्याने सांगितले.