बरणी आणि बिऱ्हाड

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. मोसंबीचा आंबिया बहार उतरू लागतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावं सोडू लागतात. धुळे-सोलापूर महामार्गावर फळांच्या गाड्या आणि बिऱ्हाड लादलेले ट्रॅक्टर एकामागोमाग दिसतात. फळ बाहेरच्या बाजाराला जातं. माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. याच दिवसांत इथल्या काही स्वयंपाकघरांत, आमच्याही, मोसंबीचा जॅम शिजतो. फळ इथलं, साखर त्या फडांवरच्या उसाची. घरच्या जॅमबद्दल आणि मुरांब्याबद्दल आपण लिहितो ते आईच्या मायेच्या पानावर आणि ऊसतोडीबद्दल लिहितो ते सामाजिक प्रश्नांच्या पानावर. ही दोन पानं वेगळी ठेवणं मला पटत नाही. कुटुंब टिकतं कशावर, हे समजून घ्यायचं तर ती एकत्र वाचावी लागतात.

मोसंबी हे जॅमसाठी सरळ फळ नव्हे. नुसता रस आटवला तर पाक होतो. जॅम धरायला फळातलं पेक्टिन, आंबटपणा आणि साखर यांचा मेळ बसावा लागतो. मोसंबीचं पेक्टिन रसात फारसं नसतं. ते सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत असतं. आंबटपणाही बेताचा, म्हणून लिंबू पिळावं लागतं. सालं बारीक चिरायची, कडूपणा उतरावा म्हणून पहिल्या उकळीचं पाणी फेकून द्यायचं, बिया पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी गरात सोडायची आणि सगळं रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी साल दोन बोटांत चिरडेल इतकी मऊ शिजल्यावरच साखर घालायची. साखर आधी पडली तर साल कडक होते आणि मग कितीही उकळा, ती मऊ होत नाही. साखर विरघळली की आच मोठी करायची. मिश्रण १०४-१०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की थंड ताटलीवर थेंब टाकायचा. बोटानं सरकवल्यावर त्याला सुरकुती पडली की झाला जॅम. तो गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या बरण्यांत भरायचा.

आजकाल प्रत्येक जण साखर कमी करायला सांगतो. जॅमच्या बाबतीत ते चालत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषानुसार विकायच्या जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात आणि स्ट्रॉबेरी, रास्पबेरीसारखे अपवाद सोडले तर फळ किमान ४५ टक्के. इतकी साखर असली की फळातलं पाणी ती धरून ठेवते. बुरशीला आणि जिवाणूंना जगायला लागणारं पाणी उरत नाही. म्हणजे साखर इथे चवीपुरती नाही. काळ थोपवण्याचं काम तीच करते.

फळाफळांचे स्वभाव मात्र वेगळे. महाशिवरात्रीच्या सुमारास येणाऱ्या कवठात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही अंगचेच असतात, त्यामुळे गुळासोबत शिजवलं की ते सहज घट्ट होतं. ज्यांना पहिल्यांदा जॅम करून पाहायचा आहे त्यांनी कवठापासून सुरुवात करावी, असं मी सांगेन. सीताफळ मात्र अजिबात ऐकत नाही. बीडचं नाव ज्या फळामुळे देशभर झालं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्यासाठी अंबाजोगाईला स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, ते बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ तापवलं की कडवट होतं. त्याचा गर टिकवायचा तर गोठवावाच लागतो. त्यासाठी डीप फ्रीझर हवा, न जाणारी वीज हवी, म्हणजे भांडवल हवं. डोंगराच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईकडे यातलं काही नसतं. पिकलेलं सीताफळ दोन दिवसांत बसतं, हे तिलाही ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकालाही, म्हणून संध्याकाळ झाली की भाव गिऱ्हाईक ठरवतं. ज्याला माल थांबवून ठेवता येतो त्याला भाव सांगता येतो. शेतमालाच्या बाजाराबद्दल हे सगळेच बोलतात. घरातल्या माणसांनाही हेच लागू आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

फळ टिकवायला दिवस लागतो, आणि तो दिवस आपल्या घरांत वर्षानुवर्षं एकाच माणसाचा गेला. कैऱ्या किसणं, पाक पाहणं, बरण्या धुऊन उन्हात वाळवणं, भरलेल्या बरणीला दादरा बांधणं, पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघणं, हे सगळं घरातल्या बाईनं करायचं आणि बाकीच्यांनी जेवताना तिच्या हाताला चव आहे असं म्हणायचं. हे कौतुक खरं असतं, मनापासून असतं, पण त्यातून तिची सुटका होत नाही. चव तिच्या हातात आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा हात लागायचं कारणच उरत नाही. त्यावर पुन्हा सोवळ्याचे नियम. पाळी आलेल्या बाईची सावलीसुद्धा बरणीवर पडू नये, नाहीतर लोणचं नासतं, हे कित्येक घरांत परवापर्यंत पाळलं जात होतं, काही घरांत आजही जातं. जिच्या श्रमानं बरणी भरली तिलाच महिन्यातले काही दिवस त्या बरणीसाठी अपवित्र ठरवायचं, इतका उघड अन्याय आपण रीत म्हणून सोसला. बरणी नासते ती ओल्या चमच्यानं, नीट न वाळलेल्या काचेनं, कमी पडलेल्या साखरेनं किंवा मिठानं. ओला चमचा बहुतेक वेळा घाईत जेवायला बसलेल्या माणसाचा असतो.

म्हणूनच कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला मी पाककृतींच्या पुस्तकापेक्षा मोठं मानतो. १९७० मध्ये आलेल्या त्या पुस्तकानं अंदाजाच्या जागी माप ठेवलं. वाटीचं, चमच्याचं माप कागदावर आलं की हातच्या चवीची मक्तेदारी संपते. नवी सून, शिकायला परगावी राहणारा मुलगा, निवृत्त झालेले आजोबा, कुणीही पातेल्यासमोर उभं राहू शकतं. आमच्या घरी जॅमची सालं मी चिरतो, बिया काढायचं काम मुलांकडे असतं, पाक बघायला आई बसते आणि बायको बरण्या भरते. यात मोठेपणा काही नाही. एवढंच सांगायचं आहे की एकट्या बाईला दिवसभर पुरणारं काम चौघांत वाटलं की दुपारपर्यंत संपतं आणि त्या वेळात घरातली माणसं एकमेकांशी बोलतात. हातात काम असताना निघतात तशा गोष्टी मोबाइल घेऊन बसलेल्या खोलीत निघत नाहीत. गोदावरीला पूर आला तेव्हा राक्षसभुवनच्या बाजूची माणसं कुठे राहिली, जायकवाडीचं पाणी उजव्या कालव्यानं पहिल्यांदा आलं तेव्हा वडिलांनी कोणतं शेत भिजवलं, हे मुलांनी आजीकडून ऐकलं ते बिया काढता काढता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं याच कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. १९४० मध्ये तिकडे फळांचं पीक अमाप आलं, बाहेरून येणारं अन्न घटलं होतं आणि साखर रेशनवर होती. तेव्हा सरकारनं ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या गावोगावच्या स्त्रियांच्या संस्थेला साखर पुरवली आणि गावच्या सभागृहांत, शाळांत जॅम करण्याची केंद्रं उभी राहिली. एरवी घराघरांत न दिसणारं काम त्या काळात राष्ट्राच्या अन्नसाठ्यात मोजलं गेलं. स्त्रियांनी ते एकत्र बसून केलं, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही आता सरकारला फळप्रक्रियेचं महत्त्व पटलं आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २०२० मध्ये आली. तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळतं आणि बचत गटांनाही बीजभांडवल मिळतं. गेवराईतल्या गटांनी याचा फायदा जरूर घ्यावा. पण घरात मुरणारी प्रत्येक गोष्ट उद्योगच झाली पाहिजे, या आग्रहाशी मी सहमत नाही. पाचगणीला १९५९ मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि पर्यटकांची रीघ, दोन्ही दाराशी मिळालं. गेवराईच्या बाईला तिचा जॅम विकायला आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि फळाचीही शाश्वती नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा टँकरनं पाणी घालूनही वाळल्या. जगवता येईनात म्हणून अनेकांनी त्या तोडून सरपणाला घातल्या. लावल्यापासून धंद्याचं फळ हाती यायला मोसंबीला पाच-सहा वर्षं लागतात. एका उन्हाळ्यात शेतकऱ्याची इतकी वर्षं जळतात, तेव्हा त्याला प्रक्रिया उद्योगाचं व्याख्यान देण्यापूर्वी पाण्याबद्दल बोलावं.

आता साखरेकडे येतो. आपल्याकडे उसाचा उतारा ढोबळमानानं १० ते ११ टक्के धरला जातो, म्हणजे किलोभर साखरेला नऊ-दहा किलो ऊस लागतो. घरच्या किलोभर जॅममध्ये साखर अर्धा किलोहून जास्त असते. म्हणजे एका बरणीमागे पाच-सहा किलो ऊस कुणीतरी तोडला, साळला, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेला. ते कुणीतरी अनेकदा बीड जिल्ह्यातलंच जोडपं असतं. धंद्याच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. पहाटे फड, गाडी आली की मध्यरात्रीही भरणी. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीसाठी, बाळंतपणासाठी, आजारपणासाठी ज्या कामात रजा नाही त्या कामाचा हा परिणाम होता.

या कुटुंबाला घर नाही असं नव्हे. गावात त्यांचं घर असतं. चैत्र-वैशाखात कैऱ्या येतात तेव्हा ती माणसं परतलेली असतात आणि त्यांच्या घरी गुळांबा होतही असेल. पण बरणी भरून ठेवायची ती कुणी खायची? दसऱ्यानंतर दाराला कुलूप लागणार. फडावरच्या कोपीत पाचट, ताडपत्री, तीन दगडांची चूल आणि बाजरीचं पीठ. तिथे जे शिजतं ते त्याच दिवशी संपतं. वर्ष दोन तुकड्यांत मोडलेलं असतं, आणि त्या मोडीत सर्वांत जास्त नुकसान पोरांचं होतं. सोबत नेलं तर शाळा सुटते. मागे ठेवलं तर म्हातारी आजी आणि चार-पाच नातवंडं, असा संसार उरतो.

कुणी म्हणेल, जॅमच्या बरणीवर एवढं ओझं कशाला टाकायचं? आपल्या घरात चार माणसं एकत्र बसून काही गोड करत असतील तर ते निर्मळ सुख आहे, ते तसंच राहू द्यावं. सुख निर्मळ आहेच, मी ते नाकारत नाही, आणि जॅम करणं सोडणारही नाही. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपण याच घरात, याच माणसांसोबत असू, हे गृहीत धरूनच आपण बरणी भरतो. ते गृहीत धरता येणं हीच आपली खरी मिळकत आहे. एकाच तालुक्यात, एकाच महामार्गाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला ते धरता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, ही गोष्ट नशिबाची नाही. कालव्याचं पाणी कुठल्या शिवारात पोचलं आणि कुठल्या शिवारात नाही, तोडणीचा दर कसा ठरला, उचलीच्या व्यवहारावर कुणाचं लक्ष आहे, अशा माणसांनी केलेल्या गोष्टींतून ती झाली आहे. माणसांनीच केलेली असल्यामुळे ती बदलताही येते.

काही मार्ग समोर आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. मागे राहिलेल्या मुलांना गावातच दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून जिल्हा परिषद शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालवायची पद्धत बीड जिल्ह्यात त्याही आधीपासून आहे. ही वसतिगृहं टोळ्या निघण्याच्या आधी सुरू व्हायला हवीत. पोरं एकदा ट्रॅक्टरवर चढून गेली की दिवाळीनंतर मंजूर झालेल्या यादीचा त्यांना उपयोग नसतो. गेवराई तालुक्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे: भाद्रपदातच आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, कोणाची मुलं मागे राहणार आहेत ती नावं लिहून घ्या आणि वसतिगृहाचा प्रस्ताव कुठवर आला आहे ते विचारा. दसऱ्याच्या आत तिथली चूल पेटली पाहिजे.